फाटकवाल्या कासिल्दाच्या घंटा

कासिल्दाच्या घराच्या बाहेरच्या भिंतीत, दाराच्या उजव्या हाताला, एक खिळा होता. रिकामा. वाटेवरचे सायकलवाले पाणी नाहीतर गार बियर प्यायला थांबत, त्यातला एखादा नवखा त्या खिळ्याला आपलं हेल्मेट अडकवायला जाई, आणि आतून आवाज येई, "ए बाबा, तिथं नाही! ती जागा दुसऱ्याची आहे." मग तो बिचारा हेल्मेट मांडीवर घेऊन बियर पिई. जागा कुणाची, हे त्याला कुणी सांगत नसे.

घर मुळात रेल्वेचं. फाटक सांभाळणाऱ्या बाईला राहायला दिलेलं, दोन खोल्या आणि एक विहीर. आता फाटकही नव्हतं आणि रूळही नव्हते. स्पेनमधल्या जाएनकडचं ऑलिव्हचं तेल पिंपांतून नेणारी गाडी बंद पडली, रूळ उपटून भंगारात गेले, बरीच वर्षं त्या पट्ट्यावर काटेरी झुडपं माजली, आणि मग कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की इथून सायकली जाऊ द्याव्यात. झुडपं गेली, मुरूम दाबला, बोगद्यांत दिवे आले, पुलांवर फळ्या आल्या. तेव्हापासून वसंतात आणि पानगळीत कुठकुठचे लोक घट्ट चड्ड्या घालून कासिल्दाच्या दारावरून जाऊ लागले. ती त्यांची पंक्चरं काढायची, त्यांना पाव पोखरून त्यात तेल ओतून द्यायची, आणि ते गेले की म्हणायची, "गाडी निदान शिट्टी वाजवून यायची. ही माणसं भुतासारखी येतात."

बाई सत्तरी ओलांडलेली. काटक, उन्हाने रापलेली. गुडघे कुरकुरायचे, पण जीभ अजून तेल घातल्यासारखी चालायची. कुणी तिच्याशी वाईट वागलं तर ती भांडत नसे. ती लक्षात ठेवी. त्यापेक्षा भांडण परवडलं, असं तिला ओळखणारे म्हणत.

मे महिन्यातल्या एका सकाळी ब्रेडवाल्याने तिच्या दारात गाडी थांबवली आणि पाव देता देता बातमीही दिली.

"फुएन्सेकाचा इलारियो लग्न करतोय, कळलं का? येत्या शनिवारी. शहात्तराव्या वर्षी! बायको जाऊन दोन वर्षं झाली नाहीत अजून."

कासिल्दाचा हात पावावर थांबला. "कुणाशी?"

"ओब्दुलियाशी. औषधाच्या दुकानवाल्याची विधवा. जेवण जुन्या स्टेशनात आहे, फलाटावर. तुमची ही सायकलची वाट जिथं संपते ना, तिथंच."

"छान झालं," कासिल्दा म्हणाली. ब्रेडवाल्याला वाटलं, म्हातारी मनापासून म्हणतेय. आणि म्हणतही होती ती मनापासूनच. चाळीस वर्षांहून जास्त ती या बातमीची वाट पाहत होती. पहिल्यांदा तो लग्न करून फुएन्सेकाला गेला तेव्हा तिचे हात बांधलेले होते, कारण बिनलग्नाच्या पोरापोरींच्या दारात घंटा वाजवत नाहीत. घंटा वाजवतात त्या विधुराच्या दारात.

हे जरा सांगायला हवं. आमच्या मुलखात विधवेनं किंवा विधुरानं पुन्हा संसार मांडायचं ठरवलं की गाव गप्प बसत नसे. दिवेलागण झाली की पोरंटोरं आणि मोठे बाप्येसुद्धा गुरांच्या गळ्यातल्या घंटा, पातेली, फुटके डबे घेऊन त्या घरासमोर जमायचे आणि कानठळ्या बसतील असा गोंगाट करायचे. वर अचकट विचकट गाणी. मेलेल्या नवऱ्याचा किंवा बायकोचा उद्धार. मात्र त्याला एक नियम होता. घरच्या माणसाने वाइनचा घडा बाहेर आणून सगळ्यांना पाजला की घंटा बंद. मग तेच लोक पाठ थोपटून, आशीर्वाद देऊन घरी जायचे. बहुतेक जण पहिल्याच संध्याकाळी घडा आणायचे आणि मोकळे व्हायचे. आता ही पद्धत मेली, आणि बरंच झालं.

कासिल्दाचा नवरा ब्लास रुळांच्या टोळीत होता. लग्नाची नवलाई सरली नव्हती तोच लोखंडी पुलाला रंग देताना तो खाली पडला आणि गेला. रेल्वेने विधवेला फाटक दिलं. दिवसा झेंडी, अंधार पडला की कंदील. ब्लासची निळी टोपी तिने दारापाशी खिळ्याला टांगली. गाडीची शिट्टी आली की ती आधी टोपीला हात लावायची आणि मग फाटक ओढायची. लोक हसायचे, म्हणायचे, बाई अजून नवऱ्याला विचारूनच गाडी सोडते.

पुढे इलारियोने मागणी घातली. फाटकाजवळच्या आल्मेदिया गावच्या मालधक्क्यावर तो तेलाची पिंपं चढवायचा. स्वतः आला नाही, आईला पाठवलं. आईने तासभर लेकाचे गुण गायले, तेव्हा कासिल्दाला हसू आवरेना. म्हणाली, "काकू, एवढा गुणी मुलगा तुम्हीच ठेवा की." हे वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या धक्क्यावर झालं, आणि इलारियोच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

मग आला तादेओ. तेलगाडीचा गार्ड. शेवटच्या डब्याच्या पायरीवर उभा राहून तो जाता जाता फाटकवालीकडे संत्रं फेकायचा. पहिली काही संत्री तिने बकऱ्यांना घातली. मग एक सोलून खाल्लं. पुढच्या वसंतात दोघांनी लग्न ठरवलं, आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी इलारियो घंटावाल्यांचा पुढारी होऊन फाटकघरासमोर आला.

गोंगाट तिला अपेक्षितच होता. तादेओने घडा भरून तयार ठेवला होता, तो हसत बाहेर गेला, सगळ्यांना पाजला. इलारियोसुद्धा प्यायला. आणि मिशा पुसून त्याने पुन्हा घंटा वाजवायला सुरुवात केली. मागून एक गाढव आणलं. गाढवावर गवताचं बुजगावणं, आणि बुजगावण्याच्या डोक्यावर ब्लासची टोपी. खिळ्यावरची. इलारियोने ब्लासचा आवाज काढला. ब्लास थोडा अडखळत बोलायचा, तेही त्याने हुबेहूब केलं. "का-कासिल्दा, माझी बाजू अजून ग-गरम आहे का गं?"

लोक हसले. सगळे हसले. कासिल्दा आत टेबलापाशी बसली होती, दोन्ही तळहात टेबलावर पालथे, नजर रिकाम्या ताटावर. तिला उठता आलं नाही. तादेओ सकाळी म्हणाला, "मी तुझ्यासोबत राहिलो असतो. पण गाढवावर बसलेल्या ब्लाससोबत कसा राहू?" आणि पहिल्या गाडीने गेला. तोही भेकडच म्हणायचा. पण तो कधीचाच मेला, आणि मेलेल्याच्या दारात घंटा वाजवता येत नाही.

टोपी परत आली नाही.

ब्रेडवाला गेल्यावर कासिल्दाने माळ्यावरून बापाच्या बकऱ्यांच्या घंटा काढल्या. एक बोकडाची, चांगली तांब्याएवढी, आणि दोन लहान. दुपारी तिची नणंद पुरा आली. पुरा म्हणजे ब्लासची धाकटी बहीण, गोल गरगरीत, बिनलग्नाची, रोज दुपारी कॉफीला येणारी. तिने टेबलावर घंटा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे म्हणजे वरातीमागून घोडं!"

"वरात शनिवारी आहे. घोडं वेळेवर पोचेल."

"आणि जाणार कशी? बसने?"

"सायकलने. रुळांच्या वाटेने."

"या वयात? या गुडघ्यांनी?"

"तेलाची भरलेली गाडी जो चढ चढायची तो गुडघ्यांना काय जड? रेल्वेचा रस्ता आहे, रस्त्याचा रस्ता नव्हे. चढ असा हळू येतो की कळतसुद्धा नाही." मग म्हणाली, "तादेओ बोगद्यातून पलीकडे गेला, तुझा भाऊ पुलावरून गेला, आणि मी आयुष्यभर फाटक धरून उभी. दुसऱ्यांना वाट करून देत. आता मी जाणार, आणि दुसरे बाजूला होतील."

पुराने कॉफीत चमचा फिरवला. "खरं सांगू? तेव्हा तू लग्न करू नयेस असं मलाही वाटत होतं."

"मला माहीत आहे. पण तू घंटा हातात धरली नव्हतीस. म्हणून तुला अजून कॉफी मिळते."

"मग मीही येते," पुरा म्हणाली. "टोपी माझ्या भावाची होती. पण मी बॅटरीची सायकल घेणार. सांगून ठेवते."

गुरुवारी सकाळी दोघी निघाल्या. कासिल्दाची सायकल एका जर्मन बाईने कंटाळून तिच्याकडेच सोडून दिलेली, पुराची भाड्याची. घंटांच्या लोलकांना चिंध्या गुंडाळून त्या कासिल्दाने मागच्या पिशवीत घातल्या. दोन्ही बाजूंना ऑलिव्ह फुलावर आलेला, वारा आला की पिवळी पूड उडायची आणि पुरा एकामागून एक शिंका द्यायची. तिच्या शिंकांनी पुढचे सायकलवाले दचकून बाजूला व्हायचे.

"बघ," कासिल्दा म्हणाली, "शिट्टी मिळाली आपल्याला."

बोगद्यात शिरताना मात्र तिने एकदा मागे वळून फाटकाकडे पाहिलं. तिच्या फाटकातून हा बोगदा एखाद्या काळ्या नाण्याएवढा दिसायचा, आणि तादेओची गाडी त्यात शिरून नाहीशी झालेली तिने पाहिली होती. आत दिवे आपोआप लागत गेले, भिंतींवर अजून वाफेच्या इंजिनांची काजळी होती. पलीकडे बाहेर पडल्यावर पाहते तर तेच ऑलिव्ह, तेच ऊन, तीच लाल माती. "एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, पलीकडे काहीतरी असेल." आणि तिला तादेओचा पुन्हा नव्याने राग आला.

मुक्काम एका जुन्या स्टेशनात. तिकीटघरात न्हाणीघर, सामानाच्या खोलीत खाटा. जेवायला चरबीत मुरवलेलं डुकराचं मांस आणि घट्ट गार टोमॅटोचं सार. पुरा जेवून आडवी झाली ती घोरायला लागली. कासिल्दा गुडघ्यांना तेल चोळत बसली आणि शनिवारी इलारियोचा चेहरा कसा होईल ते मनात रंगवत राहिली. तेवढ्यानेच तिच्या गुडघ्यांची कळ निम्मी कमी झाली.

शुक्रवारी लोखंडी पूल आला.

दरी खोल, खाली ओढ्याची बारीक रेघ. कासिल्दाने ठरवलं होतं की खाली उतरून, सायकल हातात धरून, बेतानं जायचं. पण पुलापाशी आल्यावर काय झालं कोण जाणे, ती उतरलीच नाही. फळ्यांवर चाक खडखडायला लागलं, त्या हादऱ्याने पिशवीतल्या चिंध्या सुटल्या, आणि तिन्ही घंटा एकदम वाजायला लागल्या. समोरून येणारी चार माणसं कळप आला समजून कठड्याला चिकटून उभी राहिली. पुलाच्या मधोमध कासिल्दाला रडू फुटलं. पायडल थांबवलं नाही, डोळे पुसले नाहीत, तशीच रडत, घंटा वाजवत ती पलीकडे गेली. पुरा मागून "वहिनी, अगं वहिनी" करत बॅटरी संपेपर्यंत ओरडत आली.

पलीकडे सावलीत एक म्हातारा बकऱ्या घेऊन बसला होता. त्याच्या बकऱ्या माना वर करून कासिल्दाच्या पिशवीकडे बघत होत्या.

"बोकडाची घंटा आहे," तो म्हणाला. "बोकड कुठाय?"

"फुएन्सेकात. उद्या लग्न आहे त्याचं."

म्हाताऱ्याने तोंडातली काडी काढली. या मुलखात घंटांचा अर्थ न सांगता कळणारी शेवटची पिढी त्याची. "विधुर आहे वाटतं?"

"विधुर. आणि बायको विधवा."

"मग जपून, बाई. माझ्या मावशीच्या दारात वाजवल्या होत्या लोकांनी. घंटा वाजवतात नवऱ्याला डिवचायला. पण नवरा काय, चार घोट घेतो आणि हसून मोकळा होतो. ऐकते ती बायको. मावशी मरेपर्यंत बकरीचं दूध प्यायली नाही."

"तुम्ही तुमच्या बकऱ्या सांभाळा, काका."

"त्या सांभाळतोच आहे," तो म्हणाला आणि काडी पुन्हा तोंडात घातली.

त्याचं बोलणं कासिल्दाला आवडलं नाही. लोक उपदेश फार करतात. ज्याच्या खिळ्यावरची टोपी गेली नाही त्याला उपदेश करायला काय जातं?

शनिवारी दुपारी फुएन्सेकाचं स्टेशन दिसलं. फलाटावर द्राक्षवेलीच्या मांडवाखाली लांबलचक टेबलं, पांढऱ्या चादरी, पोरांची धावपळ. जिथं पूर्वी तेलाची पिंपं उतरायची तिथं आता गिटारवाला बसला होता. मधोमध इलारियो. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, नव्या कोटात. शेजारी निळ्या पोशाखातली, केस नीट बांधलेली बाई, ती ओब्दुलिया. कासिल्दाने सायकल दिव्याच्या खांबाला टेकवली. घंटांच्या चिंध्या सोडल्या.

"पुरा, मागे हो."

आणि तिने वाजवल्या. बोकडाची उजव्या हातात, दोन लहान डाव्या हातात. चाळीस वर्षांहून जास्त साठलेलं सगळं तिने त्या घंटांत घातलं. बांधावरच्या चिमण्या उडाल्या, गिटार थांबली. आता सगळे चमकतील, आता कुजबुजतील, आता इलारियोला तोंड लपवायला जागा मिळणार नाही, असं तिला वाटलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"वा आजी, वा! जुनी पद्धत!" कुणीतरी ओरडलं. पोरं चमचे घेऊन ताटं बडवायला लागली. एका तरुणाने कर्णा काढला आणि घंटांच्या तालावर फुंकायला सुरुवात केली. दोन बायका उठून नाचायलाच लागल्या. सायकलवाले थांबून फोन काढून फोटो घेत होते. कासिल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर जपलेलं विष तिने ओतलं आणि ही माणसं ते सरबत समजून पीत होती.

अर्थ कळला तो दोघांनाच. इलारियोचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. आणि ओब्दुलियाचा? तिने रुमाल खाली ठेवला. दोन्ही तळहात चादरीवर पालथे ठेवले, आणि नजर ताटात घातली.

कासिल्दाचे हात थांबले. तिला ती मान माहीत होती. ते तळहात माहीत होते. बकऱ्यावाला म्हातारा बरोबर बोलला होता, आणि याचाही तिला राग आला.

लोकांना वाटलं, आजी दमली. कुणीतरी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. तोवर इलारियो उठून घडा घेऊन समोर आला होता. ओठांवर हसू, पण घडा हिंदकळत होता.

"घे कासिल्दा," तो म्हणाला. "नियम आहे. वाइन आली की घंटा बंद."

"नियम आठवतो तुला? तादेओनेही घडा आणला होता. तू तो प्यायलास, मिशा पुसल्यास, आणि गाढव आणलंस."

"अगं, किती जुनी गोष्ट. पोरवय होतं."

"तिशी होती तुझी. माझी टोपी कुठाय?"

इलारियोने आजूबाजूला पाहिलं. सगळे हसऱ्या चेहऱ्यांनी बघत होते, कुणाला ऐकू येत नव्हतं. कासिल्दा त्याच्या कानाशी वाकली.

"दोनच गोष्टी आहेत, इलारियो. एक तर ही घंटा गळ्यात घाल, नाहीतर मी इथं टेबलावर चढून सगळी गोष्ट सांगते. ब्लासच्या आवाजात. मलाही येतो काढता."

इलारियोने मान वाकवली. कासिल्दाने बोकडाच्या घंटेचा चामडी पट्टा त्याच्या नव्या कोटावरून, टायवरून, मानेभोवती बांधला आणि बक्कल चांगली घट्ट ओढली. लोकांनी हसून हसून पोटं धरली. पोरं "बोकड! बोकड!" ओरडली. नियमाप्रमाणे आता नवरदेवाने सगळ्यांना पाजायचं. तो टेबलाटेबलाशी घडा घेऊन फिरला आणि दर पावलाला घंटा वाजली.

कासिल्दा ओब्दुलियासमोर गेली. "ताई, तुमच्या लग्नात मी गोंगाट केला. तो तुमच्यासाठी नव्हता. माझं चुकलं."

ओब्दुलियाने वर पाहिलं. "मग कुणासाठी होता?"

"घरी गेल्यावर त्याला विचारा, ही घंटा कसली. खरं सांगितलं तर तुम्ही हवं ते करा. खोटं सांगितलं तर उद्या दुपारपर्यंत मी याच स्टेशनात आहे, आणि तुमच्या चौकात उभं राहून बोलायला मला लाज वाटणार नाही."

"तुम्हीच सांगा की आत्ता."

"मी सांगितलं तर ती तक्रार होईल. त्याने सांगितलं तर त्याचं तोंड भाजेल."

ओब्दुलियाने तिच्याकडे नीट पाहिलं, मग लांब फिरणाऱ्या नवऱ्याकडे. "बसा आणि जेवा," ती म्हणाली. "कॉड मासा चांगला झालाय."

सकाळी दोघी फलाटावर कॉफी घेत होत्या. पुरा बेचैन. "त्याने काहीतरी थाप मारली असेल तर?"

"थापेलाही गोष्ट लागते. बोकडाची घंटा गळ्यात का आली, याची खोटी गोष्ट सुचायला डोकं लागतं. ते इलारियोकडे कधीच नव्हतं. त्याच्याकडे फक्त नक्कल होती."

तेवढ्यात घंटेचा आवाज आला. कॉफी पिणारे सायकलवाले कळप कुठून येतोय ते बघायला उठले. गावाकडच्या रस्त्याने इलारियो येत होता, कालच्याच विजारीत, गळ्यात घंटा, हातात नातवाची सायकल. मागून ओब्दुलिया, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तिने ते टेबलावर ठेवून उलगडलं. ब्लासची टोपी. निळा रंग उडालेला, कडेला कसरीने खाल्लेली. पुराने ती उचलून गालाला लावली आणि रडायला लागली.

"कोठीत होती," ओब्दुलिया म्हणाली. "रिकाम्या पिंपात, गोणपाटाखाली. पहिल्या बायकोलाही माहीत नव्हती. सगळं सांगितलं त्याने. गाढवाचं, आवाजाचं. मी म्हटलं, तो आवाज काढून दाखव. त्याने दाखवला." तिने वर्तमानपत्राची घडी घातली. "माझा पहिला नवराही अडखळत बोलायचा."

इलारियो जमिनीकडे बघत उभा होता.

"तुमचा खिळा कुठे आहे?" ओब्दुलियाने विचारलं.

"आल्मेदियाच्या फाटकात. गुरुवारी निघालो आम्ही."

"म्हणजे हा मंगळवारपर्यंत पोचेल. हीच वाट, हीच घंटा. टोपी स्वतःच्या हाताने खिळ्याला लावायची, आणि तिथून मला फोन करायचा. मला घंटा ऐकू आली पाहिजे. मग दार उघडायचं की नाही ते मी बघेन."

"अगं ओब्दुलिया," इलारियो कळवळला, "या वयात सायकल..."

"लग्न करायला होतं ना वय?"

कासिल्दाला दया आली, असं सांगितलं तर चांगलं दिसेल. पण नाही आली. तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तिघं निघाले. पुढे कासिल्दा, मध्ये घंटावाला, मागे पुरा शिंका देत. समोरून येणारे थांबायचे, वाट सोडायचे, "बकऱ्या कुठायत?" विचारायचे. "एकच आहे," पुरा सांगायची. चढावर इलारियो धापा टाकायचा. पाणी मागितलं की कासिल्दा पाणी द्यायची, पाव मागितला की तेल घालून पाव द्यायची. पट्ट्याकडे हात गेला की फक्त बघायची.

लोखंडी पुलापाशी तो खाली उतरला. टोपी त्याच्या कोटाच्या खिशात होती. "इथं तरी काढू दे," तो म्हणाला. डोळ्यांत खरंच पाणी होतं. "ब्लास इथं... बरं नाही दिसत."

"इथंच वाजव," कासिल्दा म्हणाली. "आणि हळू चाल. त्याला ऐकू जाऊ दे."

तो हळू चालत गेला. फळ्यांवर घंटा दर पावलाला वाजली आणि दरीतून परत आली.

मंगळवारी बोगद्यातून बाहेर पडल्यावर शेवटचा लांब उतार लागला. इथून आल्मेदियापर्यंत पायडलसुद्धा मारावं लागत नाही, वाऱ्यासारखं खाली जाता येतं. पुराने पाय मोकळे सोडले आणि ओरडली, "वहिनी, सोड ना आता! घर आलं!" पण कासिल्दाने ब्रेक दाबून धरला होता. ती बैलगाडीच्या चालीने उतरत होती, आणि इलारियोला तिच्यापुढे जायची छाती नव्हती.

फाटकघरी त्याने टोपी खिळ्याला लावली. ती एका बाजूला कलली. कासिल्दाने पुढे होऊन सरळ केली. मग त्याने फोन लावला, एका हाताने छातीशी धरला आणि दुसऱ्याने घंटा हलवली. खूप वेळ हलवली. थांबून त्याने फोन कानाला लावला. पलीकडचा ओब्दुलियाचा आवाज दारापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

"नीट ऐकू नाही आलं. पुन्हा."

कासिल्दाने आतून स्टूल ओढून आणलं आणि गुडघे चोळत ऐकत बसली.